टाचेचा गिअर काढून देणाऱ्या मिस्तरीभाऊंना

मिस्तरीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

पारोळा रस्त्यावर लिंबाखालचं तुमचं गॅरेज, आणि साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन आलेला, अकरा नंबरचा बूट घालणारा उंच पोरगा. एवढ्यावरून ओळख पटेल. त्या दिवशी घाईत नुसतं ‘येतो भाऊ’ म्हणून निघालो होतो. राहिलेलं आज लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण लांबच्या प्रवासाला गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी घाबरलेला होतो. दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा करत तोरणमाळला निघालो होतो. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडेपर्यंत गाडी सुरेख चालली. सातपुड्याचा चढ लागला आणि एका वळणावर तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा होता. गिअरच्या लिव्हरला डाव्या पायाशी दोन दांड्या: पुढची पंजाने खाली दाबली की खालचा गिअर, ती वर उचलली किंवा मागची टाचेने दाबली की वरचा. त्यात नवे जाड तळव्याचे बूट. पंजा पुढच्या दांडीखाली अडकलेला, टाच मागच्या दांडीवर टेकलेली. पंजा वर काढून खाली दाबणार, तोच टाचेचा भार पडला आणि दुसऱ्याऐवजी चौथा पडला. गाडीने दोन आचके दिले आणि चढावरच बंद पडली. मागे माणसांनी भरलेली जीप होती. तिच्या चालकाने वेळेत ब्रेक लावला म्हणून निभावलं. वर पोचल्यावर यशवंत तलावाच्या काठी बसलो, तरी पाय थरथरत होते.

परतल्यावर आधी एका दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथे गाडीकडे नीट न बघताच ग्राइंडर हातात घेतला. ‘मागचा तुकडा उडवून टाकू, पाच मिनिटांचं काम.’ का कोण जाणे, मी थांबवलं आणि तुमच्याकडे आलो.

तुम्ही म्हणालात, “भाऊ, गाडी नही, पहिले तुना पाय दखाड.”

गाडी मधल्या स्टँडवर चढवून मला बूट घालून बसवलंत. पाय फूटरेस्टवर कुठे पडतो, पंजा दांडीपर्यंत किती पुढे जातो, टाच कुठे टेकते, हे सगळं खाली उकिडवं बसून पाहिलंत. मग दहाचा पाना. मी इतकी वर्षं समजत होतो की बोल्ट सैल केला की लिव्हर ओढून निघते. तुम्ही तो पुरता बाहेर काढायला लावलात, कारण तो शाफ्टच्या (लिव्हर बसते त्या दातेरी अक्षाच्या) खाचेतून आडवा जातो आणि अर्धवट सोडून ओढलं तर खाचही खराब होते आणि बोल्टही. काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर समोरासमोर एकेक ठिपका ठोकलात.

आधी एक दाता फिरवून पाहिलंत. पुढची दांडी वर गेली, बुटाला जागा झाली. पण पुढची-मागची एकाच पट्टीवर, सी-सॉसारखी, म्हणून मागची तेवढीच खाली आली आणि फूटरेस्टला घासायला लागली. दाता परत जागेवर आणलात. तेव्हा मला उमगलं की माझ्या पायाच्या मापाला ही पट्टी पुरणारच नाही, कितीही फिरवली तरी. आणि टाच सतत टेकून राहिली तर आतल्या फोर्कवरही (गिअर सरकवणाऱ्या काट्यावरही) ताण येतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

मी म्हणालो, मग कापूनच टाका. त्यावर तुमचा प्रश्न आला, “घरमा आखो कोन चालाडस?”

वडील चालवतात. साठी उलटली आहे, पायात चप्पल, उजव्या-डाव्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे दुखरे. नखाने दांडी वर उचलायची म्हणजे त्यांना शिक्षाच. टाचेने दाबून गिअर वर टाकता येतो म्हणून तर ते अजून शेतापर्यंत गाडी नेतात. हे मी सांगितलं आणि तुम्ही पाना खाली ठेवलात.

“कापाले पाच मिनिट लागतस. पन मंग तुना बाप कसा चालाडी?”

भाऊ, माझ्या बापाचा विचार मी केला नव्हता. तुम्ही केलात, ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी तुम्ही फक्त पंजाची लिव्हर शोधून आणलीत. दाते मोजून, जुनीशी लांबी ताडून, टोकाला जाड रबर चढवून. ती बसवल्यावर बूट घालून पुन्हा बसवलंत, आणि पंजा सहज खाली शिरेल इतकी वर घेतलीत. जुनी लिव्हर पुसून, तेलाचं बोट फिरवून, फडक्यात बांधून माझ्या हातात दिलीत. मग तिथेच माझ्याकडून दोनदा काढून-बसवून घेतलंत: बोल्ट पूर्ण बाहेर, ठिपक्यासमोर ठिपका, घट्ट करून झाल्यावर गाडी उभी असतानाच सगळे गिअर टाकून पाहायचे. पैसे घेतलेत ते लिव्हरचे. दोन दिवसांच्या मेहनतीचे देऊ केले तर हात मागे घेतलात.

पहिला आठवडा सवय मोडण्यात गेला. गिअर वर टाकायचा म्हटलं की टाच आपोआप खाली जायची आणि मागे काहीच नसायचं. लळिंगच्या घाटात सकाळी लवकर दोन-तीन फेऱ्या मारल्या, मग पंजा शिकला. डाव्या बुटावर चामडं घासतं, तिथे रबरी पट्टी लावून घेतली. गेल्या महिन्यात पुन्हा तोरणमाळला गेलो. त्याच वळणावर दुसरा हवा होता, दुसराच पडला.

येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वडील बहिणीला आणायला पारोळ्याला जाणार आहेत. आदल्या संध्याकाळी मी जुनी लिव्हर चढवून देईन, ठिपक्यासमोर ठिपका. येताना ते तुमच्या लिंबाखाली थांबतील. बहीण सोबत खापरावरचे मांडे घेऊन येणार आहे. त्या वेळी मात्र हात मागे घेऊ नका.

तुमचा ऋणी,
अकरा नंबरचा बूटवाला
धुळे