खासदारांचे प्रगतिपुस्तक आणि न छापलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संसदेचे अधिवेशन संपले की राज्यातील खासदारांचे ‘प्रगतिपुस्तक’ छापण्याचा जो प्रघात मराठी वृत्तपत्रांत पडला आहे, तो स्वागतार्ह आहे, आणि असे तक्ते मी आवर्जून कापून ठेवते. हजेरीची टक्केवारी, विचारलेले प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि मांडलेली खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याची) विधेयके असे चार रकाने त्यात असतात. महाराष्ट्राचे लोकसभेतील ४८ आणि राज्यसभेतील १९ सदस्य कायदे करण्यासाठी दिल्लीला जातात आणि कायदा मतदानाने होतो. तरीही कोणत्या विधेयकावर कोणी काय मत दिले, हा रकाना या तक्त्यांत मला आजवर दिसलेला नाही. तो का नसतो आणि तो छापता येईल का, याविषयी हे पत्र आहे.

आधी छापल्या जाणाऱ्या रकान्यांविषयी. हजेरी म्हणजे सदस्याने केलेली स्वाक्षरी वा तशी नोंद. दैनिक भत्ता तिच्याशी जोडलेला असल्यामुळे (१ एप्रिल २०२३ पासून तो दिवसाला २,५०० रुपये आहे) ती केली जाते. पण सदस्य त्या दिवशी आला, यापलीकडे ती काही सांगत नाही. स्वाक्षरी करून बाहेर पडलेला सदस्य आणि रात्री उशिरापर्यंत एकेका कलमावरची चर्चा ऐकत बसलेला सदस्य तक्त्यात सारखेच दिसतात. मंत्र्यांना ही स्वाक्षरी करावी लागत नाही व ते प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे मंत्री झालेल्या खासदाराच्या नावापुढे सगळीकडे रेघ येते आणि वाचकाचा गैरसमज होतो. प्रश्नांच्या संख्येचेही तसेच. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, त्यांचा क्रम सोडतीने ठरतो, सारख्या आशयाच्या सूचना एकत्र करून एकाच प्रश्नावर अनेकांची नावे चढतात आणि मग तो एक प्रश्न प्रत्येकाच्या खात्यात स्वतंत्रपणे जमा होतो. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, तेव्हा निलंबितांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. त्या अधिवेशनातील आकडे वाचताना हे ठाऊक नसेल, तर अनुमान हमखास चुकते.

भाषणांच्या रकान्यात शून्य प्रहरातील मिनिटभराचा उल्लेख आणि अर्थसंकल्पावरचे अभ्यासपूर्ण भाषण बहुधा एकाच मापाने मोजले जातात. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो, म्हणून एकदोन सदस्यांच्या पक्षातील खासदार कितीही तयारीचा असला तरी त्याला दोनतीन मिनिटांत आटोपावे लागते. अध्यक्षांच्या परवानगीने लेखी भाषण पटलावर ठेवण्याचीही सोय आहे; ते कामकाजाच्या वृत्तांतात छापले जाते, सभागृहात मात्र ते कोणी ऐकलेले नसते. खासगी विधेयकांपैकी तर १९७० नंतर एकही कायद्यापर्यंत पोहोचलेले नाही, त्यामुळे त्या रकान्यात गुणांपेक्षा हौसच अधिक मोजली जाते, असे कोणी म्हणेल. परंतु तेही सर्वस्वी खरे नाही. घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर नाथ पै यांनी १९६७ मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी मांडलेले विधेयक संमत झाले नाही, पण त्यामागचा हेतू त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने साधला गेला. आजच्या तक्त्यात त्याची नोंद ‘खासगी विधेयके : १’ एवढीच झाली असती.

आता मूळ मुद्दा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार सभागृहातील निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतात. मात्र हे बहुमत बहुतेक वेळा आवाजावरून ठरते. ‘अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे,’ असे पीठासीन अधिकारी विचारतात आणि निर्णय जाहीर करतात. या निर्णयाला कोणी हरकत घेतली तर मतविभाजन होते, आणि केवळ तेव्हाच प्रत्येकाचे मत नावासकट नोंदले जाते. त्यातही लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक खिडकी ठेवलेली आहे : मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे राहायला सांगून डोकी मोजू शकतात आणि तशा वेळी मत देणाऱ्या सदस्यांची नावे नोंदली जात नाहीत. घटनादुरुस्ती विधेयकांना विशेष बहुमत लागत असल्याने तिथे मोजणी टाळता येत नाही. साध्या विधेयकांबाबत मात्र नावांची नोंद होणे किंवा न होणे हे त्या दिवसाच्या वातावरणावर अवलंबून राहते.

याचा परिणाम किती मोठा आहे, हे दोन उदाहरणांवरून दिसते. महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्ती विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे मतदान झाले. विरोधातील दोन मतांपैकी एक असदुद्दीन ओवैसी यांचे, तर दुसरे औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते. त्यांची भूमिका कोणाला पटो वा न पटो, त्यांच्या मतदारांना ती निःसंदिग्धपणे कळली आणि पुढच्या निवडणुकीत तिच्याविषयी त्यांना प्रश्न विचारता आला. याउलट सप्टेंबर २०२० मधील कृषी विधेयके घ्या. ती आवाजी मतदानाने संमत झाली. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभाजन मागितले. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे कारण पीठाकडून देण्यात आले. त्या कायद्यांवरून वर्षभर आंदोलन चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करणारे विधेयकही चर्चेविना, काही मिनिटांत, आवाजानेच संमत झाले. कायदे आले आणि गेले; पण महाराष्ट्रातील कोणत्या खासदाराने येताना ‘हो’ म्हटले आणि कोणाचा आवाज ‘नाही’मध्ये होता, याची नावनिशीवार नोंद संसदेच्या दप्तरात नाही. कांदा, ऊस आणि बाजार समित्यांवर ज्यांचे राजकारण उभे आहे, अशा मतदारसंघांच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आल्यापासून पक्षादेशाविरुद्ध (‘व्हिप’विरुद्ध) मत देणारा किंवा मतदानापासून दूर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही तर, अपात्र ठरू शकतो. मत जर पक्षाचेच असेल, तर खासदाराच्या नावापुढे ते छापून काय साधणार? १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने अपात्रतेची ही तलवार विश्वास-अविश्वास प्रस्ताव, धनविधेयक अशा मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी असे सुचवले होते; ते घडले नाही. तरीही मला हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. भाषणात एखाद्या कलमावर टीका करून त्याच संध्याकाळी त्याच्या बाजूने कळ दाबणारा सदस्य पक्षादेशाने बांधलेला होता, हीदेखील मतदाराला कळण्याजोगी माहिती आहे. पक्षादेश होता की नव्हता, हेच आपल्याला अधिकृतपणे कळत नाही, कारण ते पक्षाचे सदस्यांना गेलेले पत्र असते. आणि पक्षादेशाचा भंग करायचा नाही, पण मतही द्यायचे नाही, म्हणून ऐन वेळी सभागृहात नसणारे काही थोडे नसतात. उपस्थितांच्या बहुमताने निर्णय होत असल्यामुळे ही अनुपस्थिती निरुपद्रवी नसते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा एकेक खुर्ची मोजली गेली होती. मतविभाजनाच्या यादीत अनुपस्थितांची नावे नसतात. ती ४८ मधून वजा करून काढावी लागतात, आणि त्या दिवशीच्या हजेरीपटाशी ताडून पाहिली तर सकाळी स्वाक्षरी करून मतदानाच्या वेळी नसलेले कोण, हेही उमगते. हजेरीच्या रकान्याला माझ्या मते खरा अर्थ येतो तो इथे.

समित्यांचे काम या सगळ्याहून अधिक झाकलेले आहे. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. आज त्या २४ असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या आणि सोपवलेली विधेयके यांची बारकाईने छाननी तिथे होते. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, त्यामुळे पक्षभेद थोडा बाजूला ठेवून काम करता येते, असे सांगतात. पण कॅमेरा नसल्याने तिथे मन लावून काम करणाऱ्या सदस्याला मतदारसंघात त्याचे श्रेयही मिळत नाही, आणि वर्षभर न फिरकणाऱ्याचे काही बिघडतही नाही. बैठकांची इतिवृत्ते अहवालाच्या शेवटी जोडलेली असतात व त्यांत उपस्थितांची नावे असतात. म्हणजे हजेरी काढता येते, फक्त अहवाल उघडून शेवटच्या पानांपर्यंत जावे लागते. एकमत न झाल्यास सदस्याला भिन्नमत नोंदवता येते. वक्फ दुरुस्ती विधेयकावरील संयुक्त समितीने जानेवारी २०२५ मध्ये आपला अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारला, विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या आणि त्यांतील काही मजकूर गाळल्यावरून वादही झाला. वादाची बातमी सर्वत्र आली. त्या समितीत महाराष्ट्रातील चार खासदार होते. त्यांनी समितीत काय केले, याविषयी वाचकाला त्या मानाने फारच थोडे वाचायला मिळाले. एखाद्या सदस्याला समजून घ्यायचे असेल, तर शंभर अतारांकित प्रश्नांपेक्षा त्याची एक भिन्नमतपत्रिका मला अधिक उपयोगी वाटते, कारण ती त्याला स्वतःच्या नावाने, कारणे देऊन लिहावी लागते.

संसदेतील कामकाजाचा सत्य वृत्तांत छापण्याचे कायदेशीर संरक्षण वृत्तपत्रांना १९५६ मध्ये मिळाले, ते फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकामुळे. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला आणि पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क च्या रूपाने हे संरक्षण राज्यघटनेतच आले. इतक्या खटपटीने मिळालेल्या या जागेचा उपयोग सभागृहातील गोंधळ आणि शेरेबाजी यांच्यापुरताच होऊ नये, असे मला वाटते. विनंती एवढीच की, ज्या दिवशी मतविभाजन होईल त्यानंतर राज्यातील खासदारांची नावे हो, नाही, तटस्थ आणि अनुपस्थित अशा चार ओळींत छापावीत, आणि पक्षादेश निघाल्याचे बातमीदाराला समजले असेल तर तेही लिहावे. महत्त्वाचे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तर ‘संमत झाले’ एवढ्यावर न थांबता नावे नोंदली गेली नाहीत असे स्पष्ट म्हणावे, आणि मतविभाजन कोणी मागितले होते का व पीठाने त्यावर काय सांगितले, तेही द्यावे. स्थायी समित्यांची हजेरी वर्षातून एकदा दिली तरी पुरे, कारण त्यांची मुदतच एका वर्षाची असते.

या याद्या त्याच रात्री छापण्याची घाई मात्र करू नये. मतविभाजनाचा निकाल ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ जाहीर होतो, आणि ज्यांची कळ नीट नोंदली गेली नाही ते सदस्य नंतर चिठ्ठ्या देतात. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकाच वेळी निवडणुका घेण्याविषयीचे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर यंत्राने २२० विरुद्ध १४९ असा आकडा दाखवला होता, तो चिठ्ठ्या मोजल्यावर २६९ विरुद्ध १९८ झाला. चिठ्ठ्यांवर नोंदल्या गेलेल्या त्या शंभराच्या आसपास मतांत महाराष्ट्रातील कोणाची किती होती, हे कामकाजाचा छापील वृत्तांत आल्यावर पाहता येते. तोवर थांबून छापलेली यादी मी तक्त्याशेजारी चिकटवून ठेवीन.

आपली,
एक नियमित वाचक