भिंतीवरची लाल रेघ आणि उचललेली बेसप्लेट: सांगलीतील गॅरेजच्या कामाबाबत तक्रार

दि. ४ ऑगस्ट २०२५
शामरावनगर, सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरच्या गॅरेजमधील टू-पोस्ट लिफ्ट, इपॉक्सी फरशी आणि वायरिंगच्या सदोष कामाबाबत

महोदय,

तुमच्या लोकांनी केलेल्या कामातले आधी दोन खांबांच्या, गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टचे सांगतो, कारण ती गोष्ट थांबण्यासारखी नाही.

रविवारी, २७ जुलैला सकाळी मी माझी फियाट पहिल्यांदाच लिफ्टवर पूर्ण उंचीला घेतली. सायलेन्सर उतरवायचा होता. त्याआधी मे महिन्यात दोन-तीनदा कमरेइतकी घेतली होती, तेव्हा काही जाणवले नव्हते. या वेळी गाडी डोक्याच्या वर गेली आणि उजव्या खांबाच्या बुडाशी कट्ट असा आवाज झाला. खाली वाकून पाहिले तर बेसप्लेटची, म्हणजे खांबाच्या बुडाशी बोल्टने बसवलेल्या लोखंडी पाटीची, बाहेरची कड कोब्यापासून सुटली होती. तिच्याखाली पोस्टकार्ड सहज सरकत होते. एका बोल्टच्या भोकापासून भिंतीकडे हातभर लांब चीर गेली होती. माझा मेकॅनिक तेव्हा गाडीखाली जायच्या तयारीत होता. मी त्याला ओरडून मागे ओढला आणि गाडी इंच-इंच करत खाली घेतली. त्या दिवसापासून लिफ्टचा मेन स्विच बंद आहे आणि खांबाभोवती दोर बांधून ठेवला आहे. माझा नातू दुपारी तिथेच खेळत असतो.

हे असे का झाले ते मला माहीत आहे, कारण बोल्ट मारताना मी तिथे उभा होतो. एप्रिलमध्ये तुमच्या फिटरने पहिले भोक पाडायला घेतले. साडेतीन इंचांवर ड्रिल एकदम खाली गेले आणि भोकातून करड्या भुकटीऐवजी लाल मुरूम वर आला. पोरगा म्हणाला, "काका, खाली मुरूमच लागला की." मी विचारले, मग आता काय करायचे? त्याने तुमच्या साइट सुपरवायझरला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "चार बोल्ट धरले तरी पुरे, बसवून टाक." लिफ्टबरोबर आलेल्या पुस्तिकेत कोबा किमान सहा इंच जाडीचा आणि एम-२५ दर्जाच्या (काँक्रीटच्या मजबुतीचे माप) काँक्रीटचा हवा, असे चित्रासह छापले आहे. टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्यानेच, बोल्ट आवळायचे, असेही तिथे लिहिले आहे. उजव्या खांबाच्या दोन बोल्टांचे नट नुसते फिरतच राहिले, कारण आवळल्यावर फुगून कोब्याला धरणारा त्यांचा भाग मुरमात होता आणि त्याला धरायला काहीच नव्हते. ते साध्या पान्ह्याने आवळून सोडून दिले गेले.

फियाटचे वजन जेमतेम नऊशे किलो. चार टनी लिफ्टला ते काहीच नाही, असे तुमच्या कार्यालयातून मला फोनवर सांगण्यात आले. पण प्रश्न वजनाचा नाहीच. टू-पोस्ट लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या मधोमध, लांब हातांवर तोललेली असते. त्यामुळे दोन्ही खांब सतत आतल्या बाजूला कलू पाहतात आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर ओढले जातात. ती ओढ फक्त कोब्याची जाडी आणि बोल्टची पकड पेलते. आमच्या गल्लीतल्या गवंड्याने खांबाला ओळंबा लावून पाहिला आणि एवढेच म्हणाला, "अण्णा, ह्यो कोबा गाडी उभी करायचा हाय, खांब उभा करायचा न्हाय." जे त्याला दोन मिनिटांत कळले, ते तुमच्या तज्ज्ञांना कळू नये याचे मला फार वाईट वाटले.

आता ही लिफ्ट मला का हवी होती ते लिहितो, कारण तुमच्या लोकांनी हा हौशी माणसाचा थाटमाट समजून काम केले, असे मला राहून राहून वाटते.

ही शेड माझ्या वडिलांच्या ट्रकची. तीस बाय चाळीस फूट, वर पत्रा, बाजूला चौदा फूट उंची. ट्रक गेल्यावर तिथे तीन गाड्या राहिल्या. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, जिला आमच्या घरात आजही सगळे फियाटच म्हणतात. काकांची महिंद्रा सीजे-३बी जीप. आणि माझ्या लग्नानंतर घेतलेली जुनी मारुती ८००. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच आहे, पुढची सीट अखंड आहे. लहानपणी मी वडिलांच्या आणि आईच्या मध्ये बसून त्याच गाडीतून औदुंबरला जात असे. इंजिन १०८९ सीसीचे. आजही सकाळी चोक ओढला की दुसऱ्या स्टार्टरला लागते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोका पातळी ४५ ची आहे. जीप आणि मारुती मी आदल्या दिवशी मिरजेला मेहुण्याकडे नेऊन ठेवल्या. फियाटचे इंजिन मात्र तेव्हा उतरवून बाकावर ठेवले होते, आणि इंजिनाविना गाडी पाण्यापुढे पळत नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा डॅशबोर्डवर बोटभर गाळ होता. सीटच्या काथ्यातून आठवडाभर पाणी गळत राहिले. गिअरबॉक्स, ब्रेकचे ड्रम, डायनॅमो, दारातल्या काचांची यंत्रणा, सगळे उघडून, धुऊन, तेल लावून परत बसवायला मला दोन वर्षे लागली. आणि काम संपत आले तेव्हा २०२१ च्या जुलैत पुन्हा शेडमध्ये दीड फूट पाणी आले. त्या वेळी गाडी विटांच्या ठोकळ्यांवर चढवून वाचवली.

म्हणून लिफ्ट. उघडलेली गाडीसुद्धा पाणी यायच्या आत वर उचलून, कुलूप लावून ठेवता यावी, हा माझा पहिला हेतू होता. गुडघे साथ देत नाहीत, गाडीखाली झोपून काम होत नाही, हा दुसरा. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की आमच्या भागात लोक सामान माळ्यावर चढवू लागतात. माझ्यासाठी ही लिफ्ट म्हणजे फियाटचा माळा होता. पुराच्या दिवसांत खालची काळी माती पाणी पिऊन फुगलेली असणार आणि नेमके तेव्हाच गाडी वर असणार. तो खांब साडेतीन इंच कोब्यावर उभा आहे.

जानेवारीत तुमचे प्रतिनिधी पाहणीला आले तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले होते. भिंतीवर चार फूट दोन इंचांवर मी २०१९ च्या पाण्याची खूण म्हणून गेरूने लाल रेघ ओढली होती. ती त्यांना हात लावून दाखवली. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटोही काढला. मी सांगितले होते की विजेचे सगळे सॉकेट आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड पाच फुटांच्या वर घ्या, कंप्रेसर माळ्यावर ठेवा. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलेही आहे.

एप्रिलच्या अखेरीस काम ताब्यात घेतले तेव्हा आठ सॉकेट जमिनीपासून दीड फुटावर होते. कंप्रेसर कोपऱ्यात जमिनीवर होता. आणि भिंतीवरची लाल रेघ तुमच्या रंगाऱ्यांनी राखाडी रंगाखाली घालवली होती. रंगाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पण ती रेघ बघूनच बाकी सगळे ठरवायचे होते. ती पुसली गेली आणि काम दुसऱ्याच कुठल्या तरी गावासाठी झाल्यासारखे झाले.

फरशीबद्दल, म्हणजे कोब्यावर दिलेल्या इपॉक्सी या कडक रंगाच्या थराबद्दल. बाराशे चौरस फूट, ११० रुपये दराने १,३२,००० रुपये. वर "साइट तपासणी व पृष्ठभागाची पूर्वतयारी" म्हणून १८,००० रुपये वेगळे. पूर्वतयारी म्हणून एका सकाळी ॲसिड टाकून कोबा धुतला, दुसऱ्या दिवशी प्रायमर आणि तिसऱ्या दिवशी रंग. डायमंडचे ग्राइंडर मशीन आलेच नाही. कोब्याचा वरचा गुळगुळीत, कच्चा थर घासून काढल्याशिवाय इपॉक्सीला धरायला जागा मिळत नाही, हे त्या रंगाच्या डब्यावरच लिहिले होते.

पण त्याहून मोठी चूक ओल न तपासण्याची आहे. वडिलांच्या काळच्या या कोब्याखाली पॉलिथिन कागद नाही. जमिनीतली ओल वाफेच्या रूपाने कोब्यातून वर येत राहते आणि उघड्या कोब्यातून उडूनही जाते, म्हणून आजवर कधी त्रास झाला नाही. तिच्यावर तुम्ही हवा न जाऊ देणारा थर दिलात. जुलैत पाऊस लागला तसे रुपयाएवढे फुगे आले, मग तळहाताएवढे. एक फुगा फोडला तर आतून पाणी आणि खाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार. जीप बाहेर फिरवून आणून उभी केली की गरम टायरला रंगाचे पापुद्रे चिकटून येतात. आज शटरपासून आत पंधरा फुटांपर्यंतची फरशी उखडली आहे.

ही तपासणी किती सोपी असते ते सांगतो. शटरच्या बाहेरच्या, रंग न दिलेल्या कोब्यावर मी दीड फूट लांब, दीड फूट रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून दवासारखे थेंब जमले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. खर्च वीस रुपये. हे जानेवारीत केले असते, तर तुम्ही ओल अडवणारा वेगळा प्रायमर सुचवला असता, किंवा सरळ सांगितले असते की या कोब्यावर इपॉक्सी टिकणार नाही. मी ते ऐकले असते. राखाडी कोब्यावरही माझ्या गाड्या चांगल्याच दिसत होत्या.

तुमच्या ग्राहक सेवेत मी २८ आणि ३० जुलैला फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच: ओल ही जागेची समस्या आहे, ती वॉरंटीत बसत नाही. जागा तपासण्याचे पैसे तुम्ही घेतले आहेत, महोदय. पावती माझ्याकडे आहे.

जे चांगले झाले तेही लिहितो. हत्यारांची भिंत उत्तम आहे. प्रत्येक पान्ह्याला जागा आहे, आणि वडिलांचे जुने पान्हे वेगळे लावण्याची कल्पना तुमच्या सुताराचीच. पत्र्याखालचे दिवे असे बसवले आहेत की बॉनेट उघडल्यावर सावली पडत नाही. काचेची खोली आणि बसायची जागा सुबक आहे. त्या माणसांचे हात चांगले आहेत. चूक मोजमाप आणि तपासणी करणाऱ्यांची आहे.

एकूण करार ८,६०,००० रुपयांचा. मी ७,४०,००० दिले आहेत. उरलेले १,२०,००० काम नीट होईपर्यंत देणार नाही.

माझी मागणी अशी. लिफ्ट उतरवून दोन्ही खांबांखालचा कोबा चार बाय चार फूट कापावा, खाली फूटभर खोल खोदून सळयांच्या जाळीसह एम-२५ काँक्रीट भरावे, २८ दिवस पाणी मारून ते पिकू द्यावे, आणि मगच नवीन बोल्टांनी, टॉर्क रेंच लावून, माझ्यासमोर खांब उभे करावेत. मापे तुमच्याकडच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन पक्की करावीत आणि तशी सही करून द्यावी. यात तडजोड नाही. सॉकेट, बोर्ड आणि कंप्रेसर कोटेशनप्रमाणे वर घ्यावेत. हे काम पावसाळ्यातही होऊ शकते आणि ते आधी करावे, कारण ऑगस्ट अजून संपलेला नाही. फरशीचे पैसे पूर्वतयारीच्या रकमेसह, म्हणजे १,५०,००० रुपये, बाकीतून वळते करून उरलेले मला परत करावेत. उखडलेला थर घासून काढून कोबा मोकळा करून द्यावा. पुन्हा इपॉक्सी नको.

या पत्रापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मी राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यावे लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद मी आजच करत आहे.

कोटेशनची प्रत, पावत्या, लिफ्टच्या पुस्तिकेचे संबंधित पान, बेसप्लेट आणि चिरेचे फोटो, आणि फुग्याखालचा लोणा लागलेला इपॉक्सीचा एक तुकडा पाकिटात घालून सोबत जोडला आहे. तो तुकडा उलटा करून जरूर पाहावा. खालच्या बाजूला कोब्याची गुळगुळीत साय तशीच चिकटलेली दिसेल.

लाल रेघ मी काल पुन्हा ओढली आहे, त्याच उंचीवर. तुमचा इंजिनिअर येईल तेव्हा त्याने कृपया तिथूनच मोजायला सुरुवात करावी.

आपला,
शामरावनगर, सांगली येथील ग्राहक