अस्तित्ववाद फक्त शहरातल्या लोकांचा नाही

मा. संपादक साहेब,

नमस्कार. अस्तित्ववाद (जगण्याला आयता अर्थ नसतो, तो ज्यानं त्यानं स्वतः घडवायचा, असं सांगणारा विचार) म्हटलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, ते पॅरिसच्या कॅफेतलं, भरल्या पोटाचं. मला हे अजिबात पटत नाही. सिसिफस म्हणजे ग्रीक पुराणातला, शिक्षा म्हणून तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा माणूस; फ्रेंच लेखक आल्बेर कामूचं त्याच्यावरचं पुस्तक १९४२ चं, तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. कामू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवत नव्हता ते सोडा, पण जगायचं की नाही हाच त्याचा पहिला प्रश्न आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला तो कोणी समजावून सांगायची गरज नाही.

एका वर्षी पावसानं दडी मारली, दुबार पेरणी आली, बाबा परत त्याच वावरात सरकी टोबायला बसले तेव्हा मला तो दगड ढकलणारा सिसिफस दिसला. कामू म्हणतो तो सुखी आहे असं समजा. बाबा सुखी नव्हते हो, मी बघत होतो. सिसिफस एकटा आहे, त्याच्या घरी पोरीचं लग्न नाही की बँकेचं कर्ज नाही, इथंच मला कामू कमी पडतो.

त्यापेक्षा नेमाडेंची 'कोसला' (१९६३) जवळची वाटली, त्यातली नायकाची धाकटी बहीण मनी वारते ती पानं वाचून मी होस्टेलवर रात्रभर झोपलो नव्हतो.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची गाईडं सोडून काही मिळत नाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांवर अर्धा कॉलम तरी द्या, गावातली पोरं मोबाईलवर पेपर वाचतात.

एक वाचक, जि. यवतमाळ