गुहागरच्या कासवमित्र दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या माहेरचे, म्हणून हक्काने दादा म्हणते. तुमचे आभार चार लोकांनी वाचावेत, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला अंडी घालून समुद्राकडे परतणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या दोन कासव माद्यांच्या पाठीवर भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानच्या लोकांनी ट्रान्समीटर बसवले. एक बागेश्री, दुसरी गुहा. बातम्यांत शास्त्रज्ञांची नावं आली, ती यायलाच हवीत. पण रात्री किनारा पालथा घालणारे, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं गाठून अंडी हॅचरीत, म्हणजे ती उबवायच्या राखलेल्या जागेत, नेणारे तुम्ही लोक नसता, तर ते काम झालं असतं का?

त्या मे महिन्यात मी मुलांना घेऊन माहेरी आले होते. तुम्ही पडवीत बसून मोबाइलवर नकाशा उघडलात. कासव श्वास घ्यायला वर येतं, पाठीवरची अँटेना पाण्याबाहेर निघते, तेवढ्यात उपग्रहाला सिग्नल जातो, हे तुम्ही असं समजावलंत की धाकटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथा पडून मान वर काढून दाखवायला लागला.

मग त्याला नादच लागला. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. हर्णैला आल्यावर हा रोज वडिलांना विचारायचा, "बाबा, आज आपलं जाळं कासवाच्या वाटेत होतं का?"

आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. जाळ्यात अडकलेल्या कासवाला वर येता येत नाही, ते गुदमरून मरतं, हे आम्हा दर्यावर्दी लोकांना का माहीत नाही? पण जाळं कापायचं म्हणजे पोटावर पाय. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ पासून आहे, तरी आमच्याकडे तो विषय निघत नव्हता. पुढच्या हंगामात आमच्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या म्होरक्याने, जाळं कापलं, खलाशाने फोटो काढले, आणि कासव सोडलं. घरी येऊन ह्यांनी आधी मुलाला हाक मारली.

आणि जानेवारी २०२५! ओडिशात २०२१ मध्ये ओळखीचा टॅग लावलेली मादी गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असंच मानत होते ना सगळे? तिच्या वल्ह्यासारख्या पायावरचा तो एवढासा धातूचा टॅग किनाऱ्यावर कुणी जागं होतं म्हणून तर दिसला. ती बातमी मी बंदरावर मासळीच्या लिलावात बायकांना वाचून दाखवली.

दादा, खूप खूप आभार. आता एक मागणं आहे. हंगाम संपला की एक दिवस दाभोळची फेरीबोट धरून हर्णैला या. शाळेतल्या बाईंशी मी बोलून ठेवलंय, नकाशा लावायला भिंतही मोकळी केली आहे. जेवायला आमच्याकडेच.

तुमची,
हर्णै बंदरातल्या एका नौकेची मालकीण