अण्णा, इथेही एक फळा आहे

मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी
११ मे २०२५

तीर्थरूप अण्णांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं खुशाल आहोत. आई, काकूंबरोबर पाठवलेलं मेतकूट पोचलं, निम्मं संपलंही.

अण्णा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "शाळेच्या मीटिंगला रात्री साडेदहापर्यंत बसून तू नेमकं काय करतेस?" आवाज मध्येच तुटत होता आणि तुम्हाला नीट ऐकूही येत नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

इथे डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणू नका. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर अख्खं न्यू जर्सी त्यात मावेल, आणि एवढ्याशा राज्यात शाळांचे जवळजवळ ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक एकेका गावाचा एक. प्रत्येकाचं स्वतःचं बोर्ड असतं, त्यात साधारण ९ सदस्य. गावातलेच लोक ३ वर्षांसाठी निवडून येतात आणि त्यांना मानधन नसतं. शिक्षकांच्या नेमणुका, बजेट, बस, कुठल्या गल्लीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार, हे सगळं तेच ठरवतात. खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून निघतो. गेल्या वर्षी राज्यातली सरासरी घरपट्टी १० हजार डॉलरच्या वर गेली, आणि तिच्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांना जातो. म्हणजे पैसा गावाचा, मुलं गावाची, निर्णयही गावात. तरी गावाला पत्ता नसतो.

मार्चमधली गोष्ट सांगते. मी पहिल्यांदाच एवढी लक्ष देऊन बसले होते. अजेंड्याची चळत पुढ्यात, आणि त्यात कुठेतरी मध्ये एकच ओळ: वाहतूक मार्गांचं सुसूत्रीकरण. वाचून काही बोध होत नव्हता. एका सदस्य बाईंनी विचारलं, याचा अर्थ काय? तेव्हा हिशेब पाहणारे गृहस्थ म्हणाले की दोन मार्गांवरच्या सवलतीच्या बस बंद होतील. त्यातला एक मार्ग आमच्या वसाहतीचा. समोर खुर्च्या दीडशे असतील, माणसं मोजून सहा.

इथला कायदा असा आहे की आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल, आणि त्यापुढच्या वर्गांसाठी अडीच मैलांहून लांब असेल, तरच बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक. त्याच्या आतल्या मुलांना मिळते ती सवलतीची बस, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मर्जीने, आणि पैसा कमी पडला की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. आमची वसाहत दीड मैलावर. अंतर कमी दिसतं, पण मध्ये हायवे आहे, आणि जवळपास ४०० पावलांचा पट्टा असा की जिथे फुटपाथच नाही. मी स्वतः चालून मोजला. डावीकडे गवताचा उतार, उजवीकडे कोपराला वारा लागेल इतक्या जवळून जाणारे ट्रक. तिथून पहिलीतलं पोर दप्तर घेऊन चालणार, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लपवाछपवी झाली असं मी म्हणणार नाही. १९७५ पासून इथे खुल्या बैठकांचा कायदा आहे. ४८ तास आधी नोटीस द्यावी लागते, ती आतापर्यंत दोन वर्तमानपत्रांकडे पाठवावी लागत आली, मतदान उघड्यावर घ्यावं लागतं, आणि लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या खाजगी बाबी, कोर्टाचे खटले अशा ठरावीक विषयांसाठीच दार लावून बसता येतं. आमच्याकडे हे सगळं रीतसर होतं. पण नोटीस वाचतंय कोण? 'स्टार-लेजर' हे राज्यातलं सगळ्यात मोठं वर्तमानपत्र या फेब्रुवारीत छापायचं बंद झालं, त्याच सुमारास 'जर्सी जर्नल' तर पुरतंच मिटलं. पूर्वी अशा बैठकांना कोपऱ्यात एखादा बातमीदार वही घेऊन बसायचा म्हणतात. मी जाते तेव्हा ती खुर्ची रिकामी असते.

म्हणून मी एक पान लिहायला लागले. एका बाजूला मराठी, मागे इंग्रजी. काय ठरलं, काय नुसतं मांडलं, कुणी कसं मत दिलं, पुढची बैठक कधी, बोलायचं असेल तर नाव कुठे नोंदवायचं. त्याच्या प्रती रविवारच्या मराठी शाळेत वाटते, एक वाचनालयात देते, आणि एक आपल्या वाणसामानाच्या दुकानात डब्याच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या चिठ्ठ्यांशेजारी लावते. मराठी बाजू कोण वाचतं सांगू? सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. नातवंडांना बस स्टॉपवर सोडायला तेच जातात. परवा एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून, ओळीखाली बोट फिरवत वाचत उभे होते, हातात मेथीची जुडी. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "मग हे नक्की कधी ठरणार, ताई?" त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं, मी दिसले म्हणून विचारलं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुम्हालाच सांगायची आहे. मार्चमध्ये मंजूर होतं ते कच्चं बजेट. ते काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शिक्षणाधिकाऱ्याकडे तपासायला जातं, मग एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते आणि तेव्हा ते पक्कं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी सरळ लिहिलं, "सप्टेंबरपासून बस बंद." गोदामात रात्रपाळी करणाऱ्या एका आईने ते वाचून पाळी बदलून घेतली आणि महिन्याला दीडशे डॉलर गमावले. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा तुमचा फळा आठवला. एसटी थांब्याकडे तोंड करून शाळेच्या भिंतीवर होता तो. ग्रामसभेची तारीख, आजचा पट, खिचडीचा तांदूळ किती आला आणि किती उरला, सगळं तुम्ही रोज लिहायचात. एकदा लसीकरणाचा वार चुकला होता. तुम्ही पुसून टाकला नाहीत, त्यावर एक रेघ मारलीत आणि खाली लिहिलंत, "काल चुकीचं लिहिलं होतं. बरोबर वार गुरुवार." मी तुम्हाला विचारलं होतं, पुसत का नाही? तुम्ही म्हणालात, ज्याने काल वाचलं त्याला कळायला नको? मी पुढच्या पानावर अगदी वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात तसंच केलं, आणि त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली.

सुनावणी २९ एप्रिलला झाली. चाळीसेक माणसं आली. प्रत्येकाला ३ मिनिटं. त्याच बाई उठल्या, मराठीतून बोलल्या, मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत गेले. त्या रागावून बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि माझा मुलगा साडेतीनला सुटला की त्या ट्रकांशेजारून चालत येणार. बोर्डाने रस्ता धोकादायक म्हणून आमच्या मार्गाची बस चालू ठेवली. दुसरा मार्ग गेला. तिथे फुटपाथ आहे, सिग्नल आहे. मला तो निर्णय पटला, आणि ज्यांची बस गेली त्यांच्यातल्या काहींना मी तसं तोंडावर सांगितलं. घरपट्टी वर्षाला २ टक्क्यांहून फारशी वाढवता येत नाही, आणि २०१८ च्या कायद्याने कितीतरी डिस्ट्रिक्टची सरकारी मदत ७ वर्षं टप्प्याटप्प्याने घटत गेली. हेही पानावर लिहिलं. बोर्डाची अडचण खरी आहे, ती लोकांना कळली पाहिजे.

आम्हाला इथे मत नाही. नागरिक झाल्याशिवाय बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. जवळच्या न्यूअर्क शहरात गेल्या महिन्यात १६ वर्षांच्या मुलामुलींनीही बोर्डासाठी मतदान केलं, आमची ओवी हे ऐकून बोटं मोजायला लागली. पण बैठकीत बसायला आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. आपल्या कित्येक लोकांना हेच माहीत नव्हतं. आम्ही पाहुणे, आम्ही कशाला तोंड उघडायचं, असं म्हणून गप्प बसायचे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता गावाचं. दादाने कळवलं की आपल्या शाळेचा पट १७ वर आलाय आणि जूनपासून मुलं पलीकडच्या शाळेत पाठवणार अशी बोलवा आहे. अण्णा, कुणी लेखी काही दिलंय का? की थांब्यावरच्या गप्पा आहेत? मी जी चूक केली ती तिथे व्हायला नको. पाचवीपर्यंतच्या मुलांना १ किलोमीटरच्या आत शाळा हवी हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि पलीकडची शाळा ओढ्यापार आहे. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीत आहे ना? समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा तिने इतिवृत्ताची वही मागितली तर नाही कोण म्हणेल? शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि तिच्यात या विषयावर काय नोंद आहे, एवढं बघायला सांगा. नोंदच नसेल तर तेही कळवा. पंचायत समितीकडे माहितीचा अर्ज करायचा झाला तर उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि शाळा उघडायला महिनाच उरलाय.

तो फळा अजून भिंतीवर आहे का? दादाला फोटो काढून पाठवायला सांगा.

गुडघ्याला तेल लावायचं विसरू नका. आईला साष्टांग नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुमची,
सुमा

ता. क. 'टेंटेटिव्ह बजेट'ला मी 'कच्चं बजेट' लिहिते, ते सगळ्यांना कळतं. पण 'रिझर्व्ह' म्हणून जी बाजूला ठेवलेली रक्कम असते तिला काय लिहू? 'राखीव' म्हटलं की लोक जागांचं आरक्षण समजतात. पुढची बैठक २७ मेला आहे, त्याआधी फोनवर सांगा.