पुन्हा वरिष्ठ गटात यायचं तर…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये वरिष्ठ गटातून खाली गेलेल्या एका तालमीच्या संघाबद्दल सध्या प्रत्येक कट्ट्यावर एकच बोललं जातं: एक वर्ष खाली, पुढच्या वर्षी हमखास वर. संघाचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की चर्चा खेळाची राहत नाही, पेठेची होते. मी त्याच संघाचा समर्थक आहे आणि संघ वर येईल अशी आशा मलाही आहे. पण ती आशा कशाच्या जोरावर धरायची, हे कुणी बोलत नाही. बोलणं चालतं ते परदेशी स्ट्रायकर कोण आणणार याचं.

खाली गेलेला मोठा संघ आपोआप वर येत नाही. इंग्लंडमध्ये २०२३ साली लेस्टर, लीड्स आणि साउदॅम्प्टन हे तिघे एकदमच प्रीमियर लीगमधून घसरले. लेस्टर पुढच्याच वर्षी ९७ गुणांसह पहिला आला आणि वर गेला. लीड्सला ९० गुण मिळवूनही तिसऱ्या जागेवर राहावं लागलं, वर जाणारा शेवटचा संघ ठरवणाऱ्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ते साउदॅम्प्टनकडून ०-१ हरले आणि आणखी एक वर्ष खाली अडकले. जर्मनीचा हॅम्बुर्ग तर २०१८ मध्ये घसरला तो थेट २०२५ मध्ये परतला. मधल्या सहा हंगामांत तो चार वेळा चौथा आणि दोन वेळा तिसरा आला. २०२० मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर सांडहाउझेनसारख्या छोट्या संघानं त्यांना ५-१ असं धुतलं. नाव, पैसा, प्रेक्षक, सगळं असून ही गत.

त्यात इंग्लंडच्या संघांना खाली गेल्यावर काही वर्षं प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा मिळत राहतो. आपल्याकडे उलटं आहे. बहुतेक मोठ्या चषक स्पर्धा वरिष्ठ गटातल्या १६ संघांच्या असतात. तिथून बाहेर पडलं की बक्षिसं गेली, शाहू स्टेडियमची गर्दी गेली आणि देणगीदारांचे फोनही लागेनासे होतात.

खरी अडचण मात्र आकड्यांची आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत ४६ सामने असतात, सुरुवात बिघडली तरी सावरायला वेळ मिळतो. आपल्याकडे आठ संघांच्या गटात प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर सामने सात, आणि विजयाला तीन, बरोबरीला एक या हिशोबानं गुण जास्तीत जास्त २१. दोन हरले की जास्तीत जास्त १५. बरोबरी तर त्याहून महाग. तीन विजय आणि चार बरोबरी म्हणजे एकही पराभव नाही, पण गुण फक्त १३. पाच विजय आणि दोन पराभव झाले तर १५ होतात. त्यामुळे सत्तराव्या मिनिटाला ०-० असेल तर एक गुण सांभाळत बसणं परवडत नाही. व्यवस्थापनानं पहिलं काम करावं ते स्पर्धा भरवणाऱ्या असोसिएशनचं परिपत्रक वाचण्याचं. किती संघ वर जाणार, गुण समान झाले तर आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघणार की आपापसातला निकाल, हे पहिल्या सामन्याआधी प्रत्येक खेळाडूला ठाऊक हवं. २०२४-२५ मध्ये लीड्स आणि बर्नली दोघांचेही १०० गुण झाले आणि विजेतेपद गोलफरकावर ठरलं, लीड्सचा +६५, बर्नलीचा +५३. सात सामन्यांत तर ३-० आघाडीनंतर हौस म्हणून खेळलेली वीस मिनिटंही महागात पडू शकतात.

आता खेळाबद्दल. वरिष्ठ गटात आपला संघ तगला तो लांब पास आणि वेगवान विंगर यांच्यावर. समोरचा बलाढ्य संघ चाल करत पुढे यायचा, त्याच्या बचावफळीमागे मोकळं रान मिळायचं. खालच्या गटात ते रान नसेल. वरून आलेला संघ म्हटल्यावर समोरचे नऊ-दहा जण आपल्या डीभोवती, म्हणजे गोलपुढच्या मोठ्या पेटीभोवती, उभे राहणार, कारण त्यांना बरोबरीही गोड. मग आपले दोन्ही कडांचे बॅक वैतागून पुढे जातात, मधली फळीही त्यांच्यामागे धावते, एक चेंडू सुटतो आणि पंचेचाळीस मीटर मोकळ्या मैदानात समोरचा एकटा खेळाडू आपल्या गोलरक्षकासमोर उभा राहतो. खाली गेलेले संघ दुबळ्यांकडून हरतात ते असे. नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

उपाय अवघड नाही, सराव मात्र रोजचा हवा. चढाई उजवीकडून असेल तर डावा बॅक हलणार नाही. दोन सेंटर हाफ आणि त्यांच्यापुढे एक बचावात्मक मिडफिल्डर कायम मागे. चेंडू एका बाजूला तीन-चार पासांत खेळवून समोरच्यांना तिकडे ओढायचं आणि मग दोन टचमध्ये दुसऱ्या बाजूला काढायचा. आपल्या मैदानांवर जमिनीवरून जाणारा लांब पास उसळतो, म्हणून हा पास हवेतून मारणारा मिडफिल्डर शोधावा. असा खेळाडू ड्रिबलिंग करणाऱ्या तिघांपेक्षा उपयोगी, गॅलरीला तो आवडत नसला तरी.

गर्दीतली बचावफळी फुटते ती बहुतेक वेळा कॉर्नर, फ्री किक आणि थ्रो-इनवर. कॉर्नरला आपल्याकडे आठ जण डीमध्ये घुसतात आणि चेंडू उंच, थेट गोलरक्षकाच्या हातात. त्याऐवजी एक जण कॉर्नर घेईल, पाच जण डीमध्ये, एक डीच्या रेषेवर परत येणाऱ्या चेंडूसाठी आणि तीन मागे. चेंडू जवळच्या पोस्टसमोर, गोलसमोरच्या छोट्या पेटीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर डोक्याच्या उंचीनं यावा, पहिल्यानं फक्त दिशा बदलावी. लांब थ्रो टाकणारा एक जण तयार केला तर दुधात साखर, कारण थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो.

वेळकाढूपणावर आता एक नवं हत्यार आहे. २०२५ पासूनच्या नियमानुसार गोलरक्षकानं चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतात. कर्णधारानं हे पंचांना नम्रपणे लक्षात आणून द्यावं. अकरा जणांनी अंगावर जाऊन नव्हे.

परदेशी खेळाडूला माझा विरोध नाही. नायजेरियन खेळाडूंनी इथले सामने गाजवलेत. पण त्याचं हिशोबात बसणारं गणित पाहा. व्हिसा, आधीच्या देशातून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र, मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नोंद. यातला एक कागद अडला आणि खेळाडू दोन सामने बाहेर बसला, तर सातपैकी दोन गेले. करायचंच असेल तर नोंदणीच्या आधी दीड-दोन महिने कागद हलवा. आणि तेवढ्या पैशांत एक चांगला गोलरक्षक आणि त्याला शिकवणारा माणूस मिळत असेल तर मी तोच घेईन. बर्नली ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाऊन वर गेला. त्यातल्या ३० सामन्यांत एकही नाही.

तयारी पावसाळ्यातच सुरू व्हावी. गांधी मैदानात तळं साचतं हे कारण दरवर्षीचं आहे. चेंडू नसला तरी तालमीच्या हॉलमध्ये ताकद आणि तोल यांचं काम होतं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे: तीन भाग, १५ व्यायाम, वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. तो नेमानं करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्याचं दिसून आलं आहे. मांडीच्या मागचा स्नायू ताणला की खेळाडू दोन-तीन आठवडे बाहेर, म्हणजे आपली निम्मी लीग. थंडीत सकाळी उठून न तापता थेट शॉट मारायची आपल्याकडची सवय इथंच नडते. वेगळं म्हणजे उद्यमनगरातल्या पाळीवरून येणाऱ्या पोरांसाठी सरावाची एक वेळ संध्याकाळची ठेवावी. सक्तीनं पहाटे बोलावलं तर ती पोरं दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाहीत.

पोरांवरून आठवलं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. गल्लीतले दोन-तीन चांगले अठरा वर्षांचे मुलगे राखीव बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा खालच्या गटातलं हे वर्ष त्यांना खेळवण्यासाठी वापरावं. वरच्या गटात तेवढी मुभा पुन्हा मिळणार नाही.

राहिला आम्हा समर्थकांचा भाग. लाल कार्ड म्हणजे किमान एक सामना बाहेर, सातातला एक. पंचांवर धावून जाणारा खेळाडू गॅलरीच्या आरडाओरड्यानंच चेव घेतो, हे नाकारून चालणार नाही. फटाके, बाटल्या आणि मैदानात उतरणं यांची कारवाई शेवटी संघावरच येते.

आपल्या दैनिकाकडून एक अपेक्षा. वरिष्ठ गटाचे निकाल आपण सविस्तर देता, त्याखालच्या ए डिव्हिजनचा सामना मात्र दोन ओळींत संपतो. दर आठवड्याला त्या गटाचा गुणतक्ताही छापावा: सामने, गोल केले, गोल स्वीकारले, गोलफरक आणि कार्डं. कुठल्या संघाचे कोण पुढच्या सामन्याला निलंबित आहेत, एवढं जरी त्यात आलं तरी समर्थकांना गॅलरीत बसण्याआधी खरी परिस्थिती कळेल.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर