खोक्यावर १२००, वायरीवर ९४: राउटर बदलून मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेल्या पाचव्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. राउटर इंटरनेट कार्यालयात आणतो आणि स्विच संगणक वायरींनी एकमेकांना जोडतो, हे निदान आपणांस समजावून सांगावे लागणार नाही, असे गृहीत धरते.

पुण्यातील आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयासाठी ऑगस्टमध्ये आपला राउटर आणि आठ पोर्टचा (म्हणजे आठ वायरी लावता येणारा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच घेतला. जोडणीही आपल्याच माणसाने केली. इंटरनेट ३०० एमबीपीएसचे असूनही वायरीने जोडलेल्या एकाही संगणकावर वेग ९४ च्या वर गेलेला नाही. त्याहून त्रासाचे म्हणजे, दिवाळी अंकाची २ जीबीची फाईल सामाईक स्टोरेजवरून चार हातांवरच्या टेबलापर्यंत यायला तीन मिनिटे लागत होती.

आज आपल्या प्रतिनिधीने प्रथम ब्राउझरची हिस्टरी डिलीट करण्यास सांगितले. फाईल कार्यालयातल्या कार्यालयात फिरते, इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी तेवढाच वेळ लागतो, हे मी सांगितल्यावर त्याने राउटर दहा मिनिटे बंद ठेवायला लावला (चौथ्यांदा), आणि स्टोरेज त्यालाच जोडलेले असल्यामुळे सहा माणसे हातावर हात ठेवून बसली. मग तो म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे कोणी सर आहेत का? जरा टेक्निकल आहे, त्यांना फोन द्या.” हा व्यवसाय एकोणीस वर्षे मीच चालवते, असे सांगितल्यावर थोडा वेळ शांतता आणि मग, “ठीक आहे, सर आले की फोन करा.” सव्वाचार वाजता ‘ग्राहक समाधानी’ असा शेरा मारून तक्रार बंद केल्याचा संदेश आला. समाधान नेमके कोणाचे झाले, ते कळवावे.

शेवटी मी स्वतःच स्टुलावर चढले. स्विचवर एकच दिवा नारिंगी होता, बाकी सगळे हिरवे. आपल्याच पुस्तिकेप्रमाणे नारिंगी म्हणजे १०० एमबीपीएस आणि हिरवा म्हणजे १०००. ती वायर राउटरकडे जात होती. स्टोरेज आपल्या माणसाने राउटरला लावल्यामुळे स्विचवरील सर्व संगणकांची ये-जा त्या एका वायरीतून होत होती. स्टोरेजची वायर थेट स्विचमध्ये लावताच तीच फाईल वीस सेकंदांत आली. स्विच निर्दोष आहे, हे न्यायाने नमूद करते.

इंटरनेट मात्र अजून ९४ वरच आहे, कारण राउटरचे पाचही पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि ही माहिती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. खोक्यावरचा ठळक १२०० हा आकडा वायफायच्या दोन बँडच्या ३०० आणि ८६७ या कागदी वेगांची बेरीज करून, वर थोडी भर घालून काढलेला आहे. वायरीने काम करणाऱ्या कार्यालयाला हा राउटर ‘लहान कार्यालयांसाठी खास’ म्हणून विकताना आपल्या विक्री विभागाला काहीच वाटले नाही का? आपला आधीचा राउटर नऊ वर्षे विनातक्रार चालला, म्हणून मी दुसऱ्या कंपनीकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

सात दिवसांत सर्व पोर्ट गिगाबिट असलेला राउटर बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार खोक्याच्या छायाचित्रासह दाखल करीन.

उत्तरादाखल फोन केल्यास मलाच मागावे. या कार्यालयात सर नाहीत.

आपली,
संचालिका, अक्षरजुळणी कार्यालय, पुणे